काटा मधोमध, आवाज मात्र फाटका: जुना हाय-फाय ट्यूनर कसा पारखावा

जुना ट्यूनर विकायला काढलेला माणूस तो चालू करून कसा दाखवतो, हे आधी नीट बघा. मागे हातभर वायरचा तुकडा अँटेना म्हणून खोचलेला असतो. डायलचे दिवे लागतात, जवळची एखादी जोरदार वाहिनी सापडते, स्टिरिओचा लाल दिवा पेटतो आणि ‘एकदम कंडिशनमध्ये आहे’ असा निकाल लागतो. तासाभराने दुसरं गिऱ्हाईक येतं, त्याच तुकड्यावर खरखर ऐकतं आणि ‘गेलाय हा’ म्हणून निघून जातं. दोन्ही निकाल सारखेच कच्चे. अ‍ॅम्प्लिफायर किंवा टेपडेक तपासताना आत काय सोडायचं ते आपल्या हातात असतं. ट्यूनरचं तसं नाही. केंद्राने काय पाठवलं, वाटेतल्या इमारतींनी त्याची काय दशा केली आणि अँटेनाने त्यातलं किती पकडलं, एवढं सगळं होऊन गेल्यावर ट्यूनरची पाळी येते. ऐकू येणाऱ्या दोषातला ट्यूनरचा वाटा वेगळा काढता आला, तरच पारख झाली म्हणायची. त्यासाठी मोजमापाची यंत्रं लागत नाहीत. बरी अँटेना, शाबूत कान आणि तासभर सवड एवढं पुरतं.

इथे विषय आहे तो साधारण १९७० ते १९८५ या काळातल्या सुट्या ट्यूनरचा, म्हणजे ज्याला स्वतःचा स्पीकर नाही की अ‍ॅम्प्लिफायर नाही. रिसीव्हरच्या पोटातल्या ट्यूनरलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

सुरुवात आवाजापासून करू नका. पेटी कुठल्या देशासाठी बनली होती, ते आधी बघा. आपल्याकडे हे ट्यूनर मुख्यतः दोन वाटांनी आले. कुणाचे काका-मामा आखातात नाहीतर अमेरिकेत होते, त्यांनी येताना आणले. आणि हल्ली जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावांतून येतात. गंमत अशी, की १९७४-७५ साली हौसेने आणलेल्या ट्यूनरचा एफएम भाग तेव्हा इकडे नुसता शोभेचा होता. आकाशवाणीने एफएमचा श्रीगणेशा केला तो १९७७ साली, मद्रासला; आणि खासगी वाहिन्या सुरू झाल्या २००१ साली. त्यामुळे घरात झाकून ठेवलेल्या अशा सेटची बटणं कोरी करकरीत सापडतात. पण न वापरल्यानेही यंत्र बिघडतं, ते पुढे येईलच.

डायलवर ७६ ते ९० असे आकडे दिसले तर तो सेट जपानने आपल्या घरगुती बाजारासाठी बनवलेला आहे. मुंबईत रेडिओ सिटी ९१.१ वर, मिरची ९८.३ वर, विविध भारती १०२.८ वर. म्हणजे याचा डायल जिथे संपतो, तिथून पुढे आपल्या वाहिन्या सुरू होतात. शिवाय त्याला वीज लागते १०० व्होल्टची. पट्टा सरकवून देतो म्हणणारे मेकॅनिक भेटतात, पण त्या भानगडीत पडू नये. पेटी कितीही देखणी असली तरी खाली ठेवावी.

अमेरिकन सेट १२० व्होल्टचा असतो. मागे व्होल्टेज बदलायचा खटका आहे का, ते पाहा; नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आलाच. ट्यूनर जेमतेम १५-२० वॅट खातो, त्यामुळे लहानसा ट्रान्सफॉर्मर चालतो. तो ट्यूनरच्या डोक्यावर मात्र ठेवू नका, नाहीतर गुणगुण सुरू होईल आणि दोष भलत्याच्या माथी जाईल. अमेरिकेचा डिजिटल ट्यूनर असेल तर आणखी एक पेच. तिकडच्या वाहिन्या ०.२ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसतात आणि दशांश कायम विषम असतो. असा सेट ९१.१, ९२.७, ९८.३ बिनबोभाट पकडतो, पण १०२.७ वरून थेट १०२.९ वर उडी मारतो. विविध भारती अधेमधेच राहते. काही सेटना मागे किंवा पोटात पायरी बदलायचा खटका असतो. तो आहे की नाही, हे पैसे देण्याआधी शोधावं. डायल फिरवायच्या जुन्या ट्यूनरला ही अडचण नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र सारखी जाणवते. एफएम केंद्र आवाज पाठवताना वरचे सूर मुद्दाम चढवून पाठवतं आणि ट्यूनर ते तेवढेच उतरवतो. त्या उतरवण्यात खरखरही दबते. किती उतरवायचं याचं माप आपल्याकडे आणि युरोपात ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. अमेरिकन ट्यूनर इथे लावला की तो गरजेपेक्षा जास्त उतरवतो. १०,००० हर्ट्झच्या आसपास सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो. म्हणून असा सेट आपल्याकडे ‘उबदार’, ‘मऊ’ वाटतो, आणि त्याचं श्रेय जुन्या काळाच्या कारागिरीला दिलं जातं. खरं तर दोन्ही चॅनेलमधला एकेक कॅपॅसिटर बदलून दोन-तृतीयांश मूल्याचा टाकला, की ती ऊब जाते आणि सतारीची तार जागी होते. काही ट्यूनरना यासाठी मागे खटकाच दिलेला असतो. तो असेल तर ऐकण्याआधी ५० वर आणा.

आता अँटेना. ३०० ओहमच्या चपट्या दुहेरी वायरचा ‘टी’ आकाराचा अँटेना, आडवा भाग सुमारे दीड मीटर, हा गुंडाळून पिशवीत मावतो आणि पाहायला जाताना सोबत नेता येतो. भिंतीला नाहीतर खिडकीला टाचणीने किंवा चिकटपट्टीने लावावा, आणि तो हलवता येईल अशी सोय ठेवावी. कारण परीक्षेतला निम्मा भाग हा अँटेना फिरवण्याचाच आहे. प्रक्षेपण मनोऱ्याच्या अगदी जवळ राहत असाल तर उलट दुखणं होतं. एकच वाहिनी डायलवर दोन-तीन ठिकाणी उगवते. ही दर वेळी सेटची खोड नसते, सिग्नल डोईजड झालेला असतो. ‘लोकल’ असं लिहिलेला खटका असेल तर तो दाबा, नसेल तर अँटेना आखडता घ्या आणि मग पुन्हा ऐका.

सेट निदान २० मिनिटं तापू द्या. मग म्यूटिंग बंद करा आणि काटा दोन वाहिन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणा. तिथे जो आवाज येतो तो पत्र्यावरच्या संततधारेसारखा, एकसारखा यायला हवा आणि दोन्ही स्पीकरमधून सारखाच. फुकटात मिळालेला हा तपासणीचा सिग्नल फारसं कुणी वापरत नाही. एका बाजूचा सूंकार जाड आणि दुसऱ्या बाजूचा पातळ येत असेल, तर ट्यूनरचा पुढचा भाग ठीक आहे आणि त्या एका चॅनेलच्या आवाजाच्या मार्गात काहीतरी सुकलंय. त्यात तडतड फुटत असेल तर एखादा ट्रान्झिस्टर किंवा ड्राय सोल्डर. खालून संथ घोंघावणं येत असेल, तर वीजपुरवठ्याचे मोठे कॅपॅसिटर म्हातारे झालेत. हे घोंघावणं शोधायला संगीत लावू नका, तानपुऱ्याच्या आवाजात ते बेमालूम लपतं. बोलणाऱ्या माणसाच्या दोन वाक्यांमधल्या विरामात ते उघडं पडतं.

आणि बोलणारा माणूसच लावा. सिनेमाच्या गाण्यावर ट्यूनरची पारख करणं मला पटत नाही. खासगी वाहिन्या गाणी इतकी दाबून, फुगवून पाठवतात की मऊ काय आणि ठसठशीत काय, याचा पत्ता लागत नाही. आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र मात्र कामाला येतं. हवामानाच्या बातमीत निवेदक ‘सातारा, सांगली, सोलापूर’ म्हणतो, तेव्हा लागोपाठचे तीन ‘स’ स्वच्छ आले पाहिजेत. ते थुंकी उडाल्यासारखे, फाटून येत असतील तर कुठेतरी घोटाळा आहे. आपल्या बोलण्यातला ‘चांगला’मधला ‘चां’ किंवा ‘जवळ’मधला ‘ज’ही असाच उपयोगी पडतो.

घोटाळा कुठे आहे ते शोधायला तीन हालचाली पुरतात.

पहिली, ट्यूनिंगचं बटण अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा. त्या काळच्या चांगल्या ट्यूनरवर दोन मीटर असतात: एक सिग्नलचा जोर दाखवणारा, दुसरा काटा मधोमध आणायचा. सुदृढ सेटमध्ये जोराचा काटा सगळ्यात वर, दुसरा काटा बरोबर मधोमध आणि ‘स’ सगळ्यात स्वच्छ, या तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळतात. काटा मधोमध असताना आवाज फाटतो आणि थोडा बाजूला नेला की सुधारतो, असं झालं तर डिटेक्टरची कॉइल वयोमानाने सरकली आहे. हा जुन्या ट्यूनरचा सगळ्यात नेहमीचा आजार, आणि त्यावर इलाजही आहे. नीट अलाइनमेंट केली की सेट बहुधा ताळ्यावर येतो. बटणावरचा हात काढला की वाहिनी आपोआप ‘लॉक’ करणाऱ्या सेटमध्ये हा आजार जास्त छळतो. सेट हट्टाने चुकीच्या जागीच जाऊन बसतो. तिथे बटण हातात धरून ऐका आणि मग सोडून ऐका. सोडल्यावर आवाज बिघडला तर आजार हाच.

दुसरी हालचाल, बटणाला हात न लावता अँटेना फिरवा. फाटणं कमी-जास्त झालं तर ट्यूनर निर्दोष आहे. एकच सिग्नल सरळ एकदा आणि समोरच्या टॉवरवर आपटून पुन्हा एकदा, असा दोन वाटांनी येतोय. शहरात सेटना नावं ठेवली जातात त्यातल्या बऱ्याच तक्रारी याच जातीच्या असतात. कितीही महागडा ट्यूनर आणा, त्याच खिडकीत तो तसाच वागेल.

तिसरी, मोनोचा खटका दाबा. सूंकार एकदम नाहीसा झाला तर सिग्नल कमजोर आहे, सेट नव्हे. अमेरिकेत १९६१ साली मान्य झालेल्या आणि आज आपणही वापरतो त्या स्टिरिओ पद्धतीतच हे आहे: डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसून येतो आणि तिथे खरखर जास्त असते. सारखाच कमजोर सिग्नल असला तर स्टिरिओ मोनोपेक्षा २० डेसिबलहूनही जास्त खरखरतो. पण सिग्नल भरपूर असूनही मोनोत ‘स’ स्वच्छ आणि स्टिरिओत फाटका येत असेल, आणि अँटेना फिरवूनही फरक पडत नसेल, तर स्टिरिओ वेगळं करणाऱ्या डिकोडरकडे बोट दाखवता येतं. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून येतोय ना, तेही याच वेळी बघून घ्या.

खर्जाची परीक्षा डग्ग्यावर करावी. घुमारा येत नसेल आणि नुसती टपटप ऐकू येत असेल, तर सिग्नलच्या मार्गातले छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आटलेत. वरच्या टोकाला फार अपेक्षा धरू नका. एफएम स्टिरिओवर १५ किलोहर्ट्झच्या पुढे काही पाठवलंच जात नाही, कारण १९ किलोहर्ट्झवर पायलट टोन बसलेला असतो. (कॅसेट डेकवर ‘एमपीएक्स फिल्टर’ नावाचं बटण कशासाठी होतं, असं पुष्कळांना वाटायचं. ट्यूनरमधून गळणारा हा पायलट डॉल्बीला फसवू नये म्हणून.)

विकणाऱ्याची हरकत नसेल तर प्लग काढून झाकण उघडा. पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे गँग, अर्थात एकात एक शिरणाऱ्या पात्यांचा कंडेन्सर. त्याचे किती खण आहेत ते मोजा. तीन म्हणजे साधा सेट, चार म्हणजे चांगला, पाच किंवा जास्त म्हणजे कंपनीने हात आखडला नव्हता. खण जास्त, तितकी शेजारच्या दांडग्या वाहिनीची घुसखोरी कमी. मग गँगचा दांडा जिथे पत्र्याला टेकतो तिथल्या पितळी पट्ट्या पाहा. वर्षानुवर्षं डायल फिरलेला नसला आणि घर कोकणात नाहीतर मुंबईत समुद्राजवळ असलं, की तिथे हिरवट कीट चढतं. डायल फिरवताना खरखर होते, काटा न हलवता वाहिनी उडते, टेबलाला धक्का लागला की सूर सरकतो. हे सगळं त्या कीटामुळे, आणि ते काढणं मेकॅनिकला अर्ध्या तासाचं काम आहे. क्लीनरचा एखादा थेंब फक्त त्या पट्ट्यांवर, पात्यांवर कधीही फवारा मारायचा नाही. पात्यांमधली हवा हाच त्या कंडेन्सरचा माल आहे. तिथे तेलकट थर बसला की डायलचे आकडे आणि वाहिन्या यांची फारकत होते.

मोठ्या कॅपॅसिटरच्या बुडाशी जपानी कारखान्यात लावलेला पिवळसर डिंक काळपट तपकिरी झालाय का, ते बघा. तो जुना झाला की वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पायांना खातो. काही जुन्या ट्रान्झिस्टरचे चंदेरी पाय काळे पडलेले दिसतील. तिथून पुढे-मागे तडतड होणार हे धरून चाला. रेग्युलेटरखालची पट्टी भाजून काळवंडली असेल तर सोल्डर भेगाळलेलं असतं. पालीची अंडी आणि झुरळांच्या खुणा आपल्याकडच्या सेटमध्ये नवलाच्या नाहीत, त्यांना घाबरू नका. घाबरायचं ते पत्र्याच्या लहान डब्यांतल्या आयएफटी कॉइलच्या डोक्यावर ओरखडे दिसले तर. म्हणजे कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन अंदाजपंचे पीळ दिलेत. धूळ खात पडलेला पण कुणी हात न लावलेला सेट, ‘नुकताच सर्व्हिस केलेल्या’ सेटपेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

रचनेबद्दल, आणि माहितीपत्रकातल्या आकड्यांबद्दल. संवेदनशीलतेचा पहिला आकडा, १.८ मायक्रोव्होल्ट वगैरे, वाचून भुलू नका. त्या पातळीवर खरखर आणि विकृती मिळून ३ टक्क्यांच्या घरात असतात, असं ऐकायला कुणी बसत नाही. स्टिरिओत ५० डेसिबलची शांतता मिळायला किती सिग्नल लागतो, तो आकडा खरा. सिलेक्टिव्हिटीचंही तसंच. १९७२च्या मॅकिन्टॉश एमआर ७८ मध्ये रिचर्ड मोडाफेरी यांनी अतिशय अरुंद फिल्टर घातले, ते अमेरिकेतल्या खच्चून भरलेल्या बँडसाठी. आपल्या शहरांतल्या वाहिन्या पाहा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५. मध्ये ०.८ मेगाहर्ट्झची ऐसपैस जागा. इथे अरुंद फिल्टरची गरज क्वचित पडते, आणि अरुंद फिल्टर विकृती वाढवतो. ‘वाइड’ आणि ‘नॅरो’ असा खटका असेल तर वाइडवर ठेवून विसरून जा. आपल्याकडे जास्त मोलाची गोष्ट म्हणजे दांडग्या सिग्नलपुढे न बावचळणं, आणि ती गँगच्या खणांवरून कळते, पत्रकावरून कळेलच असं नाही.

काट्याऐवजी वेगळं काही दाखवणारे सेट नुसते दिखाऊ असतात असं समजू नका. १९६०च्या दशकातल्या मॅरँट्झ १०बी मध्ये रिचर्ड सिक्वेरा यांनी चक्क छोटा ऑसिलोस्कोप बसवला. सिग्नल किती वाटांनी येतोय हे त्याच्या पडद्यावर डोळ्यांना दिसतं; वर सांगितलेली अँटेनाची परीक्षा तिथे बघून करता येते. उलट, जड फ्लायव्हीलमुळे एका टिचकीत डायलच्या या टोकापासून त्या टोकाला धावणारं बटण मला कितीही आवडत असलं, तरी त्याचा आवाजाशी काही संबंध नाही.

सेट घेतल्यावर ‘सगळे कॅपॅसिटर बदलून टाका’ हा सल्ला सरसकट ऐकू नका. वीजपुरवठ्यातले आणि आवाजाच्या मार्गातले इलेक्ट्रोलिटिक बदलणं ठीक. डिकोडरच्या आसपासचे पारदर्शक स्टायरोफ्लेक्स काढून तिथे स्वस्त सिरॅमिक बसवले, तर तापमानाबरोबर डिकोडर भरकटतो आणि स्टिरिओचा दिवा दुपारी लागतो, रात्री विझतो. अलाइनमेंट मात्र शेवटी, बाकीचं काम उरकल्यावर, आणि सिग्नल जनरेटर व विकृतिमापक असलेल्या माणसाकडूनच. ‘कानाने करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

मध्यम लहरींसाठी हे ट्यूनर घेऊ नयेत. एफएमवर जीव ओतणाऱ्या कंपन्यांनी एएमचा भाग बहुतेक वेळा उरकून टाकलेला असतो. अमेरिकन डिजिटल सेट १० किलोहर्ट्झच्या पायऱ्या चढतो, आपली केंद्रं ९च्या पायरीवर. मुंबईचं ५५८ किंवा पुण्याचं ७९२ त्याला बरोबर सापडत नाही.

राहिले दिवे. डायलचे जुने फ्यूजसारखे बल्ब गेले की लोक पांढरे एलईडी टाकतात. हिरवी-पिवळी काच निळसर पडते, आणि स्वस्त एलईडीचं सर्किट कधीकधी एएमवर किरकिर करतं. त्याच व्होल्टेजचे आणि त्याच करंटचे बल्ब अजून शोधले तर मिळतात. ब्रिटिश क्वाड एफएम ३ हाती लागला तर मात्र आणखी जपा. त्याला मीटर नाही. शेजारीशेजारी दोन छोटे दिवे आहेत आणि दोन्ही सारखे उजळले की वाहिनी बरोबर लागली, असा हिशोब आहे. त्यातला एकच दिवा गेला तरी दोन्ही एकदम, एकाच जातीचे बदलावेत. नाहीतर नवा आणि जुना दिवा सारखा उजळवण्याच्या नादात तुम्ही रोज थोडं बाजूलाच ट्यून कराल.